तिरपे अक्षर आणि उभी बाळबोध : मराठी मुद्रणातील इटालिकच्या वापराची समीक्षा

प्रस्तावना

मराठी शोधनिबंधाच्या संदर्भसूचीत ग्रंथनामे तिरप्या अक्षरांत छापण्याची पद्धत महाविद्यालयीन नियतकालिकांमध्ये आता चांगलीच रूढ झाली आहे. लेखकांना पाठविल्या जाणाऱ्या सूचनापत्रकांत ‘ग्रंथनाम इटालिकमध्ये असावे’ हे वाक्य बहुधा असतेच. निबंध मराठी असो वा इंग्रजी, नियम एकच. संगणकावरील एक कळ दाबली की मराठी अक्षरे उजवीकडे झुकतात आणि नियमाचे पालन झाले असे आपण मानतो. ही झुकलेली अक्षरे मुळात इटालिक आहेत काय, आणि मराठी वाचकाला त्यांचा उपयोग होतो काय, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात.

प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार केला आहे. त्यासाठी प्रथम रोमन लिपीतील इटालिक वळणाचा उगम व त्याचे कार्य पाहिले आहे. त्यानंतर मराठी मुद्रणात असे वळण का निर्माण झाले नाही याची कारणे शोधली आहेत आणि शेवटी आजच्या प्रथेचे मूल्यमापन केले आहे. हा विषय केवळ मुद्रकाच्या आवडीनिवडीचा नाही. विद्यार्थी संदर्भ कसा द्यावा हे आपल्याच नियतकालिकांतून शिकतात. तेथे लिपीकडे दुर्लक्ष झाले, तर ते दुर्लक्षही ते शिकतात.

इटालिक : झुकाव नव्हे, हस्ताक्षर

छापील इटालिकचा पहिला ग्रंथ म्हणून व्हेनिस येथील आल्डस मॅन्युशियसने १५०१ मध्ये छापलेल्या व्हर्जिलच्या काव्याचा उल्लेख केला जातो. त्याआधी १५०० मध्ये त्याच्याच छापखान्यातून निघालेल्या एका ग्रंथातील चित्रात या वळणाचे मोजके शब्द दिसतात. या अक्षरांचे ठसे फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने कोरले. पंधराव्या शतकाच्या आरंभी फ्लॉरेन्समधील निकोलो निकोलीसारखे विद्वान ग्रंथांच्या नकला करताना जी जलद, जोडती लेखनपद्धती वापरीत, तिच्यातून पुढे विकसित झालेले हस्ताक्षर ग्रिफोसमोर होते. हेच वळण पोपच्या दप्तरातील लेखनिकांनीही घडविले. त्या दप्तरातील लुडोविको अर्रीगी याने १५२२ च्या सुमारास या हस्ताक्षराचा धडा देणारी पुस्तिका प्रसिद्ध केली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. इटालिकचे मूळ लेखनाच्या गतीत आहे. हात वेगाने चालू लागला की लेखणी कमी वेळा उचलली जाते, एका अक्षराचा शेवट पुढच्या अक्षराच्या आरंभाकडे वळतो आणि अक्षरे अरुंद होतात. काही अक्षरांची तर घडणच बदलते. रोमन वर्णमालेतील पहिले लहान अक्षर उभ्या वळणात दुमजली असते, तर इटालिकमध्ये ते एकमजली होते. उभ्या अक्षरांच्या तळाशी असणाऱ्या सपाट आडव्या टोकांची जागा इटालिकमध्ये बोरूच्या हलक्या सुटत्या फटकाऱ्यांनी घेतलेली असते. झुकाव हा या सर्वांचा एक परिणाम आहे आणि तोही अनिवार्य नाही. ग्रिफोच्या इटालिकमध्ये मोठी अक्षरे सरळ उभीच होती.

दुसरी लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे आरंभी इटालिक हे भर देण्याचे साधन नव्हते. आल्डसने संपूर्ण ग्रंथच त्या वळणात छापले. हातात मावणाऱ्या अष्टपत्री आकाराच्या ग्रंथांचे ते स्वतंत्र अक्षर होते. या अक्षरावरील हक्कासाठी आल्डसने १५०२ मध्ये व्हेनिसच्या सिनेटकडून विशेषाधिकार मिळविला, तर ग्रिफो तेथून निघून गेला. १५०३ मध्ये फानो येथील सोन्चिनो या मुद्रकाने हे वळण ग्रिफोचे असल्याचे छापून सांगितले, म्हणून कोरणाऱ्याचे श्रेय कागदावर राहिले.

सहचर अक्षराची घडण

उभे रोमन आणि इटालिक यांची जोडी सोळाव्या शतकात हळूहळू जुळली. इटालिकने पूर्ण मजकुराचे काम सोडले आणि ग्रंथनामे, परभाषेतील शब्द व भर देण्याचे शब्द यांचे काम स्वीकारले. ही जोडी निसर्गदत्त नाही, हे आजही दिसते. १९८९ मध्ये रॉबर्ट स्लिमबाक याने तयार केलेल्या ॲडोबी गॅरामाँड या टंकात उभी अक्षरे क्लोद गॅरामाँडच्या ठशांवर, तर इटालिक रोबेर ग्रांजाँ या दुसऱ्याच कोरणाऱ्याच्या ठशांवर आधारलेले आहे.

ही जोडी जुळविणे किती अवघड असते हे बेंबो या अभिजात टंकाच्या उदाहरणावरून कळते. आल्डसने १४९६ मध्ये वापरलेल्या ग्रिफोच्या उभ्या अक्षरांवरून मोनोटाइप कंपनीने १९२९ मध्ये हा टंक सिद्ध केला. त्याच्या जोडीसाठी आल्फ्रेड फेअरबँक या सुलेखनकाराने एक अरुंद, डौलदार इटालिक रेखाटले. ते सुंदर होते, परंतु उभ्या अक्षरांशेजारी ते फारच स्वतंत्र दिसू लागले. म्हणून ते वेगळे विकले गेले आणि बेंबोसाठी त्याहून शांत असे दुसरे इटालिक योजले गेले. सहचर अक्षराने वेगळे दिसावे, पण ओळीची वीण उसवू नये, अशी ही दुहेरी कसोटी आहे.

याच सुमारास उलट बाजूनेही विचार झाला. स्टॅन्ली मॉरिसन याने १९२६ मध्ये ‘द फ्लरन’ या नियतकालिकात असे प्रतिपादन केले की, भर देण्यापुरतेच काम असेल तर हस्ताक्षराचा वारसा सांगणाऱ्या इटालिकची गरज नाही. उभेच अक्षर तिरपे करावे. मराठीत आज आपण जे करतो त्याला इतका भक्कम सैद्धांतिक आधार दुसरा नाही, म्हणून त्याची दखल घेतली पाहिजे. तथापि, मॉरिसनच्याच देखरेखीखाली तयार होऊन ३ ऑक्टोबर १९३२ पासून लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये वापरात आलेल्या टाइम्स न्यू रोमनचे इटालिक या सिद्धान्तानुसार घडलेले नाही. ते इटालिकच्या जुन्या परंपरेतीलच आहे. शिवाय मॉरिसनच्या मनातील तिरपे अक्षर हेदेखील रेखाटनकाराने नव्याने आखलेले अक्षर होते. यंत्राने ढकललेली आकृती त्याला अभिप्रेत नव्हती.

मराठी खिळ्यांची परंपरा

मराठी मुद्रणाच्या इतिहासात अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, या जिल्ह्याचे स्थान दुर्लक्षणीय नाही. अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगर येथूनच सुरू केले. त्याच मिशनच्या मुंबईतील छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळ्यांच्या घडणीत महत्त्वाची सुधारणा केली आणि तेथेच जावजी दादाजी चौधरी यांनी लहान वयात खिळे घासण्याच्या कामापासून या विद्येचा आरंभ केला. पुढे जावजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी त्यासाठी कोरलेल्या अक्षरांनी मराठी व संस्कृत ग्रंथांचे रूप कित्येक दशके ठरविले. ग्रिफोप्रमाणे आरूंचे नावही मुद्रकाच्या नावामागे राहिले.

या समृद्ध परंपरेने देवनागरीला इटालिक का दिले नाही? पहिले कारण आर्थिक व यांत्रिक आहे. देवनागरीच्या एका आकाराच्या एका संचासाठी जोडाक्षरे, अर्धी अक्षरे आणि मात्रा, रफार, उकार धरून शेकडो खिळे लागत. अक्षराच्या वर आणि खाली चिन्हे येत असल्यामुळे जुळणी तीन पातळ्यांवर करावी लागे. असा दुसरा संपूर्ण तिरपा संच कोरून, ओतून, जुळाऱ्यापुढे मांडणे कोणत्याही छापखान्याला परवडणारे नव्हते. लिपिसुधारणेचे लोकमान्य टिळकांपासून सावरकरांपर्यंतचे प्रयत्न खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या दिशेने झाले यातच सर्व आले.

दुसरे कारण लिपीच्या स्वरूपात आहे. देवनागरी शब्द शिरोरेषेवर टांगलेला असतो. शिरोरेषा आडवी, दंड तिला काटकोनात. या चौकटीत वाचकाचा डोळा स्थिरावतो. शिवाय देवनागरीसाठी बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट दिशेने दिला जातो, त्यामुळे रेघेची जाडी व बारीकपणा यांची वाटणीही उलट असते. रोमन अक्षराला उजवीकडचा झुकाव ज्या लेखणीने दिला, ती लेखणीच येथे वेगळी होती.

तिसरे कारण असे की, भर देण्यासाठी मराठीजवळ आपली साधने होती. पोथ्यांमध्ये अध्यायाची समाप्ती, ओवीचे अंक अशा जागा गेरूने वा तांबड्या शाईने उठावदार केल्या जात. चुकलेल्या जागी हरताळ फासत, आणि तो वाक्प्रचार आजही भाषेत आहे. पोथीला आडवे-तिरपे वळण लागले नाही, रंग लागला. छापखान्यात रंग महाग पडला, तेव्हा त्याचे काम जाड ठशाने आणि अवतरणचिन्हाने केले. अवतरणचिन्हे मुळात परकी होत. मेजर टॉमस कँडी यांच्या १८५० च्या पुस्तिकेमुळे विरामचिन्हे मराठीत रुळली. ती मराठी वाक्याच्या उपयोगी पडली म्हणून टिकली. प्रस्तुत लेखकाचा इटालिकवरील आक्षेप त्याच्या परकेपणावर नाही, हे यावरून लक्षात यावे.

मोडी : न घडलेले सहचर

येथे एक साम्य नोंदविणे आवश्यक वाटते. इटालिक हे दप्तरी हस्ताक्षरातून आले, आणि मराठीतही असे दप्तरी हस्ताक्षर होते. मोडी ही शतकानुशतके राज्यकारभाराची जलद लिपी होती. आधी पानभर शिरोरेषा आखून घ्यावयाची आणि बोरू शक्य तितका कमी उचलीत तिच्याखाली अक्षरे लिहीत जावयाचे, अशी तिची रीत. शिवकालीन व पेशवेकालीन वळणे वेगळी ओळखता येतात. बाळबोध ग्रंथासाठी आणि मोडी व्यवहारासाठी, अशी विभागणी समाजाने स्वीकारलेली होती. इटलीत ग्रंथाक्षर व दप्तराक्षर यांची जशी जोडी होती, तशीच ही.

मोडीला खिळे मिळाले नाहीत असेही नाही. विल्यम कॅरी यांचा १८१० चा मराठी कोश श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात मोडी खिळ्यांनी छापला गेला. हे श्रीरामपूर बंगालमधले, आपल्या जिल्ह्यातले नव्हे. परंतु बाळबोध व मोडी एका ओळीत, एकमेकींना पूरक म्हणून नांदाव्यात असा प्रयत्न रुजला नाही. छापील ज्ञान बाळबोधीत गेले, मोडी हस्तलिखितात राहिली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतूनही गेली. २०१४ मध्ये युनिकोडने मोडीला संकेतांक दिले, आणि २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी मोडी वाचणाऱ्यांची गरज जिल्ह्याजिल्ह्यांत भासली, तेव्हा तिच्या लोपाची किंमत सर्वांना कळली.

आता ग्रंथनामे मोडीत छापावीत, असे सुचविण्याचा हेतू नाही. ती बहुसंख्य वाचकांना वाचता येणार नाहीत. शिवाय मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, ग्रंथनामात मात्र तो आवश्यक असतो. रोमनचे इटालिक हे त्याच वर्णमालेचे दुसरे वळण आहे, मोडी ही मात्र वाचनासाठी वेगळी शिकावी लागणारी लिपी झाली. साम्याची मर्यादा येथे आहे. तरीही एक बोध शिल्लक राहतो. बाळबोधीला खरोखर सहचर वळण द्यावयाचे असेल, तर त्याचे मूळ मराठी हाताच्या गतीत, त्याच्या गोलाईत आणि जोडण्यात शोधावे लागेल.

यांत्रिक तिरपेपणाचे दोष

आज मराठी निबंधात जे इटालिक म्हणून छापले जाते ते बहुतांशी संगणकाने जागच्या जागी तिरपे केलेले उभे अक्षर असते. विंडोज २००० पासून घरोघरी पोचलेल्या मंगल या टंकाला वेगळा तिरपा संच नाही. कळ दाबली की आज्ञावली प्रत्येक आकृतीचा माथा उजवीकडे ढकलते. त्याचे परिणाम पुढीलप्रमाणे दिसतात.

पहिला परिणाम आकारांवर होतो. आडव्या रेघा जशाच्या तशा राहतात आणि दंड कलतात, त्यामुळे शिरोरेषेचा काटकोन मोडतो. ‘ट’, ‘ठ’, ‘ढ’ यांची गोलाई अंड्यासारखी कलते. पायमोडीची उजवीकडे उतरणारी रेघ उभी होऊ लागते, तर ‘प्र’, ‘क्र’ यांतील डावीकडे उतरणारा रकार अधिक आडवा होतो. अक्षराच्या ओळखीचे हे लहान अवयव असून नेमके तेच बिघडतात. संस्कृत ग्रंथनामांत पायमोड व रकार वारंवार येतात, तेव्हा हा दोष अधिक जाणवतो.

दुसरा परिणाम मराठीच्या व्याकरणाशी निगडित आहे आणि तो अधिक गंभीर आहे. इंग्रजीत ग्रंथनामापुढे शब्दयोगी शब्द सुटा येतो. मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो व नामाचे सामान्यरूप होते. ‘स्मृतिचित्रे’ हे नाव वाक्यात ‘स्मृतिचित्रांत’ होते, ‘ज्ञानोदय’चे ‘ज्ञानोदयात’ होते. तिरपे अक्षर कोठे थांबवावे? प्रत्ययासह तिरपे केले तर जे ग्रंथाचे नाव नाही ते नाव म्हणून छापले जाते. नावापुरतेच तिरपे केले तर एकाच शब्दात अर्धी शिरोरेषा उजवीकडे सरकलेली आणि अर्धी जागेवर राहते. कललेला शेवटचा दंड प्रत्ययाच्या माथ्यावर आदळतो आणि तळाशी फट पडते. इंग्रजी नियमावलीत या प्रश्नाचे उत्तर नाही, कारण तिच्यापुढे हा प्रश्नच नाही.

तिसरा परिणाम नियमाच्या अंधानुकरणाचा आहे. टंकलेखनयंत्राच्या काळात अधोरेखन ही जुळाऱ्याला दिलेली इटालिकची खूण होती. अमेरिकेतील एमएलए नियमपुस्तिकेने २००९ च्या सातव्या आवृत्तीत अधोरेखनाऐवजी इटालिक स्वीकारले. तेथे हा बदल स्वाभाविक होता, कारण ज्याची खूण होती ते अक्षर आता लेखकाच्याच हाती आले होते. मराठीत मूळ अक्षरच नव्हते. आपण प्रथम खुणेची नक्कल केली, तीही उकार व पायमोड यांना छेदणाऱ्या अधोरेषेने, आणि नंतर नसलेल्या अक्षराची.

संभाव्य आक्षेप

या भूमिकेवर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा की, अवतरणचिन्हांवर आधीच बराच भार आहे. उद्धृत, उपरोध, पारिभाषिक शब्द, लेखनाम आणि ग्रंथनाम ही सर्व कामे त्यांच्याकडेच आली तर वाचकाचा गोंधळ होईल. हा आक्षेप रास्त आहे. इंग्रजीत लेखनामाला अवतरणचिन्ह व ग्रंथनामाला इटालिक, अशी उपयुक्त विभागणी आहे आणि मराठीला तिची गरज आहेच. पण त्याचे उत्तर विभागणी ठरवून घेण्यात आहे. ग्रंथनामाला एकेरी, लेखनामाला दुहेरी अवतरणचिन्ह, असा साधा नियम एखाद्या नियतकालिकाने पाळला तरी बराच गोंधळ मिटतो.

दुसरा आक्षेप असा की, काळ बदलला आहे. आता खिळे ओतावे लागत नाहीत आणि देवनागरीचे तिरपे संच रेखाटलेही गेले आहेत. हेही खरे आहे. ॲडोबी देवनागरीला इटालिक जोड आहे. टिरो देवनागरी मराठी हा मराठीसाठी स्वतंत्रपणे सिद्ध केलेला, विनामूल्य उपलब्ध टंक सरळ व इटालिक अशा दोन संचांत मिळतो. असे रेखाटलेले वळण आणि कळ दाबून कललेले अक्षर यांत मूलभूत फरक आहे. तथापि, रेखाटलेल्या वळणापुढेही प्रत्ययाचा प्रश्न कायम राहतो. त्यामुळे अशा संचाचा उपयोग संदर्भसूचीत, जेथे ग्रंथनाम प्रत्ययाविना येते, तेथे करून पाहावा. वाक्यात मात्र अवतरणचिन्हच अधिक सोयीचे ठरेल.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. इटालिक हे हस्ताक्षरातून घडलेले स्वतंत्र वळण असून केवळ झुकलेले अक्षर म्हणजे इटालिक नव्हे. मराठी मुद्रणात ते नसणे ही उणीव मानण्याचे कारण नाही. लिपीची घडण, खिळ्यांचे अर्थकारण आणि भर देण्याची पर्यायी साधने यांमुळे ते घडले नाही. यांत्रिक तिरपेपणा अक्षराची ओळख बिघडवितो आणि मराठीच्या विभक्तीशी त्याचा मेळ बसत नाही.

महाविद्यालयीन नियतकालिकांनी म्हणून आपल्या सूचनापत्रकात मराठी निबंधांसाठी वेगळा परिच्छेद लिहावा. मराठी मजकुरात ग्रंथनाम एकेरी अवतरणचिन्हांत असावे व प्रत्यय चिन्हाबाहेर यावा. ज्यामुळे नाव बदलत नाही असे ‘मध्ये’, ‘मधील’ हे शब्द शक्य तेथे योजावेत. जाड ठसा शीर्षके व संज्ञा यांपुरता राखावा. अधोरेखन टाळावे. रोमन लिपीतील संदर्भ आणि वनस्पती-प्राण्यांची शास्त्रीय नावे रोमनमध्येच दिली असतील तर त्यांना त्यांचे खरे इटालिक द्यावे, देवनागरीत लिप्यंतरित केली असतील तर सरळच ठेवावीत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेचे व ‘ल’, ‘श’ यांसारख्या अक्षररूपांचे प्रमाणीकरण केले. अक्षराच्या रूपाकडे इतके लक्ष देणाऱ्या भाषेने त्याच्या उभेपणाकडेही लक्ष द्यावयास हवे.

बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांवरील आपला बृहद्ग्रंथ शासनाच्या भाषा संचालनालयामार्फत १९७१ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा या लिपीच्या प्रत्येक खिळ्याचा हिशेब मांडण्याची तयारी एका मुद्रणतज्ज्ञाने दाखविली होती. आपल्या हाती आज त्याहून कितीतरी सुलभ साधने आहेत. निबंध छपाईला देण्यापूर्वी संपादकाने ग्रंथनामांवरून एकदा नजर फिरवावी आणि ती अक्षरे आपल्याला खरोखर वाचता येतात काय, एवढे पाहावे. लिपीविषयीच्या विवेकाची सुरुवात तेथूनही होऊ शकेल.